चुन्याने आखलेलं देऊळ

१२ जानेवारी १९९५, गुरुवार

फादर रेमंड संध्याकाळी येऊन गेले. खाली वॉचमनशी हिंदीत बोलले, जिन्यात कोणाशी तरी इंग्रजीत, आणि माझ्या दारात आल्यावर मराठीत. त्यांचं मराठी ऐकलं की माझा हात आपोआप लाल पेन शोधायला लागतो. माणूस मंगळूरचा, सोन्यासारख्या मनाचा, पण लिंग आणि वचन यांच्याशी त्यांचं जन्माचं वैर आहे.

"टीचर, दोन जण आली आहे. त्यांना आपला देव काय, आपला चर्च काय, ते जाणून घ्यायची आहे. माझा मराठी तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगा ना."

मी म्हटलं, मी आता निवृत्त झाले आहे.

"देवाकडून पण?" म्हणाले, आणि खो खो हसले. मला काही हसू आलं नाही.

नाहीच म्हणणार होते. पण जिने चौतीस वर्षं वसईच्या शाळेत मराठी शिकवलं तिच्यासमोर कोणी "आपला चर्च" म्हणालं की गप्प बसवत नाही. हो म्हणून बसले. पुढच्या रविवारपासून मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपल्यावर एक तास.

आज ही डायरी उघडली तेव्हा लक्षात आलं की बोलायला म्हणून घरात कोणी नाही, म्हणून लिहायचं. सर आणि मी एकाच शाळेत होतो. लग्नानंतरही मी त्यांना सरच म्हणत राहिले. बेलापूरच्या या फ्लॅटचा अर्ज त्यांनी भरला. नकाशा आला तेव्हा त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. इथे पलंग, इथे पुस्तकं, हॉलच्या भिंतीतल्या कोनाड्यात क्रूस आणि मेणबत्ती. किल्ली हातात पडायच्या चार महिने आधी ते गेले. मी एकटीच राहायला आले. कोनाड्यात सध्या रेडिओ आहे. जागा वाया कशाला घालवायची?

२२ जानेवारी, रविवार

आमचं देऊळ अजून बांधलेलं नाही. (वसईकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.) मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये होते आणि साडेदहाला हॉल कराटेच्या क्लासला द्यावा लागतो. म्हणून फादरांनी आम्हाला देवळाच्या प्लॉटवर पाठवलं. तो खाडीच्या बाजूला आहे. आर्किटेक्टने जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या आहेत: हा दरवाजा, ह्या भिंती, ही वेदी. पलीकडे खारफुटी आणि त्यापलीकडे मिठाचे ढीग. आज धुकं इतकं होतं की ढीग जमिनीला टेकलेलेच दिसत नव्हते. मी बराच वेळ तिकडे बघत राहिले आणि वर्ग खोळंबला.

जयमाला बेलापूरच्या सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. मूळची साताऱ्याकडची, सव्वीस-सत्तावीसची. ऑफिसातल्याच मॅथ्यूशी तिचं लग्न ठरतंय. "त्यानं काही अट घातलेली नाही, टीचर. पण मी फाइल वाचल्याशिवाय सही करत नाही."

हिरामण जळगावकडचा, तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. दोन वर्षांपूर्वी पाय मोडून सिस्टरांच्या दवाखान्यात पडून होता. "एक सिस्टर रोज संध्याकाळी खिडकीपाशी उभ्या राहायच्या आन् कोनाशी तरी बोलायच्या. कोनाशी, ते इचारायचं राहून गेलं."

तिसरी न बोलावता आली. केशरबाई, शेजारच्या गावातली आगरी बाई, साठीच्या पुढची. चुन्याच्या रेघेबाहेर चपला काढल्या, दरवाजाच्या जागेतून आत आली आणि जिथे वेदी व्हायची तिथेच फतकल मारून बसली. मी विचारलं, तुम्हाला फादरांनी पाठवलं का?

"मना कोन धारतंय? यो माजा खाचर व्हता. माज्या खाचरान कंचा देव येतंय, त मना बघाया नको?"

मी धडा सुरू केला. देव एक आहे, तो आधीपासून आहे, त्याने हे सगळं निर्माण केलं, आणि गरज होती म्हणून नव्हे, प्रेमापोटी केलं. केशरबाईने बोटाने जमीन उकरली. "यो चिखल पन त्यानंच केला?" मी हो म्हटलं. "बरा केलाय," ती म्हणाली. "भात चांगला व्हायचा."

मी जे शिकवलं ते सगळं बरोबर होतं. घरी येताना वाटलं, मी भूगोल शिकवला.

मिस्सामध्ये मी ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची ती पवित्र भाकर, घ्यायला पुढे गेले नाही. निघताना चहा घेतला होता. तासभर आधी तोंडात काही घालायचं नसतं. नियम तो नियम.

५ फेब्रुवारी, रविवार

आज पवित्र त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे, पण देव एकच. रात्रीपासून मनाशी घोकत होते. आणि वर्गात जयमालाने पेन खाली ठेवून विचारलं, "म्हणजे अधिकारी एकच, आणि दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार?"

हिरामण हसला. मला इतकं पटलं की मी म्हणून गेले, "तसंच. आमचे सर शाळेत मास्तर होते, घरी नवरा आणि आईकडे गेले की मुलगा. माणूस एकच." तिघांनाही कळलं, तिघंही खूश.

संध्याकाळी फादरांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. हा म्हणे फार जुना पाखंडी विचार आहे, सतराशे वर्षांपूर्वीच बाद झालेला. ते तिघं वेगवेगळे आहेत, एकमेकांवर प्रेम करतात, आणि त्या प्रेमातच एक आहेत. एकटा माणूस तीन टोप्या घालून फिरत नाही. "देव कधी पण एकटा नव्हती, टीचर," ते म्हणाले. पुढच्या वेळी दुरुस्ती करायची आहे.

कधीच एकटा नव्हता. बरं आहे त्याचं.

गुडघा दुखत होता म्हणून आजही मिस्सात जागेवरच बसले.

२६ फेब्रुवारी, रविवार

येशूचे पहिले शिष्य मासेमारी करणारे होते, हे सांगितल्यावर केशरबाई सरसावून बसली. मी गोष्ट सांगितली. रात्रभर जाळी टाकली, काही मिळालं नाही. सकाळी येशू म्हणाला, खोल पाण्यात जा आणि पुन्हा टाका. पेत्र म्हणाला, तू म्हणतोस म्हणून टाकतो. आणि मग इतके मासे की जाळी फाटायला आली.

"मोटा मानूस तो," केशरबाई म्हणाली.

"हो, येशू…"

"येशू नाय गो. तो पेतर. रातभर मेहनत करून किनाऱ्याला लागल्यावर जाली परत होरीन घालाची! मी असती त बोल्ली असती, तूच जा." मग म्हणाली, "नाय, गेली असती. मानसाच्या तोंडाकर बघून गेली असती."

मी चौतीस वर्षं शिक्षिका आणि जन्मापासून कॅथलिक. ही गोष्ट शंभरदा ऐकली असेन. पेत्र किती दमला असेल हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

तोवर भरतीचं पाणी खारफुटीत शिरलं होतं आणि झाडं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती. चौघंही तिकडे बघत बसलो. मग घाईघाईत मिस्साचा धडा घेतला: भाकरीची ती पातळ पांढरी चकती धर्मगुरूच्या प्रार्थनेने ख्रिस्ताचं शरीर होते. आम्ही ते चिन्ह मानत नाही, तो स्वतः तिथे असतो असं मानतो. तो स्वतःला खायला देतो, आणि त्याला खाणारे आम्ही सगळे मिळून एक शरीर होतो. तेच ख्रिस्तसभा. विटा-सिमेंट नंतर. एवढं सांगून झालं आणि वेळ संपली. कोणी घ्यायचं आणि कोणी नाही, हे सांगायचं राहिलं. पुढच्या वेळी सांगेन.

खोकला आहे. लाइनीत उभं राहून लोकांच्या अंगावर खोकायचं बरं नाही.

१ मार्च, राखेचा बुधवार

फादरांनी कपाळावर राख लावली. "माती आहेस, मातीला मिळशील." मनात म्हटलं, ते मला माहीत आहे, दीड वर्षापूर्वीच कळलंय.

उपवासकाळ सुरू झाला. यंदा चहातली साखर सोडली. गेल्या ईस्टरला ताप होता म्हणून मिस्सात ख्रिस्तशरीर घेता आलं नव्हतं. वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमाराला तरी घ्यायलाच हवं असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. यंदा तब्येत सांभाळायला हवी.

६ मार्च, सोमवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात सर प्लॉटवर होते. धुकं होतं. ते वाकून चुन्याच्या रेघा पेन्सिलीने दुरुस्त करत होते. मी म्हटलं, "सर, चुन्यावर पेन्सिल उमटत नाही." ते म्हणाले, "तू बघ तरी." मी वाकले आणि जाग आली. खिडकीबाहेर खाडीवर लांब कुठेतरी गुलाबी पक्ष्यांचा थवा उतरला होता. जाग आली तरी बराच वेळ मला तो स्वप्नातलाच वाटत होता. उठून आधी रेडिओ लावला.

१९ मार्च, रविवार

मारियेचा धडा. जयमालाने विचारलं, मारिया देवी का? नाही, माणूस, आपल्यासारखीच, देवाची आई. तिची पूजा नाही करायची, तिला आपल्यासाठी विनंती करायला सांगायचं. "म्हणजे साहेबांच्या आईकडून शब्द टाकायचा," जयमालाने वहीत लिहून घेतलं. मी खोडायला सांगितलं नाही.

हिरामण म्हणाला, "टीचर, त्या सिस्टर ज्याच्याशी बोलायच्या, तो परत बोलायचा का?"

मी म्हटलं, प्रार्थनेत आपण ऐकायला शिकतो, शांततेत तो… पुस्तकातलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्याने मान डोलावली. चांगला माणूस आहे, त्याने मला वाचवलं.

केशरबाईने नाही वाचवलं. ती हल्ली मिस्सालाही येते, मागच्या भिंतीला टेकून बसते. वर्ग संपल्यावर दोघं गेले तरी ती हलेना.

"गो बाय, तू त्याच्याशी बोलत नायस काय?"

"कोणाशी?"

"तुज्या देवाशी. सगली पुडं जातान, तू बसून रयतस. अबोला हाय ना?"

मी म्हटलं, आमच्यात असं काही नसतं, माझी तब्येत बरी नाही.

"मी माज्या घोवाशी अकरा महिने बोलले नाय," ती पायांवरचा चिखल खरवडत म्हणाली. "भाकरी वाडायची, कपरं धुवाची, सगला करायची. पन बोलाचं नाय. पोराला सांगाचं, तुज्या बापाला बोल जेवाया ये. तो पन पोरालाच सांगं, आयेला बोल मीठ कमी हाय." आणि हसली.

तिचा अबोला कशाने सुटला ते विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

२ एप्रिल, रविवार

आज काय झालं ते नीट, क्रमाने लिहिते.

मिस्सामध्ये मी जागेवर होते. लाइन पुढे सरकत होती. यंदापासून आमच्याकडे ख्रिस्तशरीर जिभेऐवजी तळहातावर देतात. लाइनीत केशरबाई आहे हे मी पाहिलं नाही, कारण त्या वेळी मी खिडकीबाहेर बघत असते. फादरांनी तरी एवढ्या माणसांत कोणाकोणाला ओळखायचं?

मिस्सा संपली. फादरांना पुढची मिस्सा द्रोणागिरीला होती, त्यांनी झगा काढला आणि स्कूटरला किक मारली. आम्ही प्लॉटवर आलो. केशरबाई माझ्यासमोर बसली, तिने पदराची गाठ सोडली आणि हात पुढे केला. तळहातावर ती पांढरी चकती.

"धर. तुज्यासाठी आनलाय. तू जात नायस, मंग मी जाऊन आनला. मी नाय खाल्ला हां."

जयमाला "अगं आजी!" म्हणून ओरडली. हिरामण उठून उभा राहिला.

"काय झाला?" केशरबाई गोंधळली. "आजाऱ्याला परसाद असाच नेतान ना?"

तिची काहीच चूक नव्हती. देवळात न जाऊ शकणाऱ्यासाठी प्रसाद पदरात बांधून आणायचा, हे तिला आईने शिकवलेलं. आणि कोणी घ्यायचं, कोणी नाही, हे तिला सांगायचं काम माझं होतं. मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी. पाच रविवार झाले.

ख्रिस्तशरीर असं कुठेही ठेवत नाहीत. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झालेल्या माणसाने ते तिथेच ग्रहण करायचं, नाहीतर धर्मगुरूच्या हाती द्यायचं. तिथे स्नानसंस्कार झालेली मी एकटी. मी उचलून तोंडात घातलं असतं तर विषय संपला असता. आज चहा नव्हता, खोकला नव्हता, गुडघाही ठीक होता. हात पुढे होईना. पोरांना वाटलं मी घाबरले.

माझ्या पर्समध्ये सरांचा धुतलेला रुमाल असतो. तो दोन्ही तळहातांवर पसरला आणि केशरबाईला म्हटलं, ह्याच्यावर ठेवा. तिने ठेवलं. फादर चारला परततात, तेव्हा त्यांना माझ्या घरी पाठवायला हिरामणला सांगितलं आणि मी चालत निघाले.

वीस मिनिटांचा रस्ता, रिकामे प्लॉट, अर्धवट इमारती, माथ्यावर ऊन. दोन्ही हात पुढे धरून मी इतकी हळू चालत होते की आपण पोचणारच नाही असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर पोचू नये असंही वाटत होतं. वारा पडला होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आम्ही दोघंच होतो.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, ठेवू कुठे? स्वयंपाकघराचा ओटा बरोबर नाही, टेबलावर वर्तमानपत्रं. शेवटी कोनाड्यातला रेडिओ एका हाताने ओढून खाली ठेवला, ओल्या फडक्याने कोनाडा पुसला आणि सरांच्या कपाखालच्या पांढऱ्या बशीवर रुमालासकट ठेवलं. मेणबत्ती लावली. लाइट जातात म्हणून घरात असतेच.

मग समोर खुर्ची घेऊन बसले. एकटं सोडून जायचं नसतं. भूक लागली होती, पण पाहुणा समोर असताना एकटीने कसं जेवायचं? एक वाजला, दीड वाजला. पडद्यातून ऊन येत होतं आणि कोनाड्यावर हलत होतं. मी प्रार्थना वगैरे काही केली नाही. तशी मनःस्थिती नव्हती.

सरांचा फोटो त्याच भिंतीवर आहे. मी फोटोकडे बघून म्हटलं, "सर, यांना सांगा, फादर चार वाजता येतील."

मग थोड्या वेळाने, "सर, यांना सांगा, हा कोनाडा तुम्ही यांच्यासाठीच आखला होता. नकाशा कपाटात आहे. हवा तर दाखवते."

मग, "सर, यांना विचारा, चार महिने थांबायला काय झालं होतं? तुम्ही काही महाल मागितला नव्हता. दोन खोल्या. त्यात चार महिने. रोज सकाळी मिस्साला जाणाऱ्या माणसासाठी एवढंसुद्धा नाही? विचारा त्यांना. मी विचारणार नाही."

नंतर खूप काही बोलले, ते सगळं लिहवत नाही. हॉस्पिटलचं बोलले. किल्ली देणाऱ्या त्या क्लार्कचं, ज्याने विचारलं होतं, मिस्टर नाही आले का? पहिल्या रात्री या घरात कोणत्या बाजूला झोपायचं हेच कळलं नव्हतं, ते बोलले. सगळं सरांनाच उद्देशून. साडेतीन कधी वाजले कळलं नाही. घसा कोरडा पडला होता.

फादर सव्वाचारला आले. सगळं ऐकलं. कोनाड्यासमोर गुडघे टेकले. मग मला म्हणाले, "टीचर, तुम्ही घेता?"

मी म्हटलं, आज नको.

त्यांनी स्वतः ग्रहण केलं, कण राहू नयेत म्हणून बशीत पाणी घालून ते प्याले, आणि रुमाल घडी करून मला दिला. ते गेल्यावर मी दार लावलं आणि मागे वळले, तर घर एकदम रिकामं वाटलं. सवा वर्ष इथे एकटी राहतेय, पण असं कधी वाटलं नव्हतं. दुपारभर बोलून बोलून थकवा आला असणार.

३ एप्रिल, सोमवार

कोणीतरी पाहिलं होतंच. चर्चकमिटीतले एक गृहस्थ सकाळी फादरांकडे गेले: त्या बाईला येऊ देऊ नका, हा वर्गच बंद करा. फादर म्हणाले, चूक टीचरची आहे आणि टीचर दुरुस्त करणार. मला म्हणाले, तुम्ही जाऊन तिला समजावा, पण येऊ नको म्हणून सांगायची नाही. त्यांच्या या वाक्यात मी काही दुरुस्ती केली नाही.

५ एप्रिल, बुधवार

केशरबाईच्या घरी गेले. गाव आता चारी बाजूंनी इमारतींनी वेढलंय, पण आत शिरलं की सुकत घातलेल्या जवळ्याचा वास आणि अंगणात कोंबड्या. तिने पाट दिला. मी सगळं समजावलं. हा प्रसाद नाही. आधी श्रद्धा, मग तयारी, मग स्नानसंस्कार, मग हे. तोपर्यंत बसून राहायचं.

ती नीट ऐकत होती. मला वाटलं, रागावेल.

"चुकी झाली माजी," ती म्हणाली. "मना ठाव नव्हता."

"चूक माझी झाली."

"त्याला राग आला काय?"

"कोणाला?"

"त्याला. पदरान बांधला म्हनून?"

मी विचार केला आणि म्हटलं, नसावा. हे मात्र पुस्तकातलं नव्हतं.

चहा झाला. उठताना ती म्हणाली, "मना देत नायत म्हनून मी घेनार नाय. बरोबर हाय. पन तुला देतान, तरी तू घेत नायस. ता काय माज्या डोक्यान शिरत नाय." रागाने नाही म्हणाली. खरंच कळत नव्हतं तिला. मी चपला घातल्या आणि निघाले.

मग रस्त्यातून परत वळले आणि दारातून विचारलं, तुमचा अबोला कशाने सुटला होता?

"पोर मामाकरं गेला," ती म्हणाली. "मंग कोनाला सांगनार?"

१२ एप्रिल, बुधवार

फादरांकडे पापनिवेदनाला गेले. वीस महिन्यांनी. मी म्हटलं, माझा देवाशी अबोला आहे.

"अबोला म्हणजे काय, टीचर?"

पापनिवेदनात मराठीचा तास घ्यावा लागेल असं वाटलं नव्हतं. सांगितलं: एका घरातली दोन माणसं. सगळं करतात एकमेकांचं, पण बोलत नाहीत.

फादरांनी विचारलं, "कोणी घर सोडून गेली का?"

"नाही."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि क्षमेचे शब्द उच्चारले. प्रायश्चित्त म्हणून जपमाळही सांगितली नाही. म्हणाले, "ईस्टरच्या मिस्साला त्या बाईच्या बाजूला बसा."

१३ एप्रिल, गुरुवार

शेवटच्या भोजनाची मिस्सा संध्याकाळी होती. पापनिवेदन झालंय, आता आडकाठी काही नाही. लाइन लागली. मी उठलेच नाही. सवा वर्ष सगळ्यांनी मला बसलेलंच पाहिलंय, आज उठले तर सगळे बघतील, असं मनाशी म्हटलं. खरं कारण वेगळं आहे. आता राग सोडला तर सरांसाठी माझ्याकडे काय उरलं? घरी येऊन हे लिहिलं आणि लिहिल्यावर भीती वाटली.

१६ एप्रिल, ईस्टरचा रविवार

पुनरुत्थानाची मिस्सा प्लॉटवर झाली. कमिटीने मांडव घातला होता. पहाटेपासून खाडीवर पांढरा उजेड होता, मिठाचे ढीग आणि आकाश वेगळं दिसत नव्हतं. जयमाला मॅथ्यूबरोबर आली. तिने पुढच्या वर्षीपर्यंत वर्गाला येत राहायचं ठरवलंय, फाइल मोठी निघाली म्हणते. हिरामण कडेला एकटाच उभा होता, डोळे मिटून. त्याचे ओठ हलत होते.

मी केशरबाईच्या शेजारी बसले. लाइन लागली. लोक उठले, आमच्या बाजूने जायला लागले. मी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते.

"जा," केशरबाई म्हणाली.

मी मान हलवली.

"गो बाय, मना द्याचा वकत आला नाय, म्हनून मी थांबलंय. तू कोनासाठी थांबलंस?" आणि तिने माझ्या पाठीला हात लावला. ढकललं म्हणत नाही, पण हात होता.

मी उठले. समोर लोक होते, मग कमी झाले, मग फादर. "ख्रिस्ताचं शरीर," ते म्हणाले, व्याकरणात एकही चूक न करता. मी "आमेन" म्हटलं आणि हात पुढे केला.

परत जागेवर आले. केशरबाईने मला हाताला धरून खाली बसवलं. कानाशी येऊन विचारलं, "कसा लागतंय गो?"

"चव नसते त्याला काही."

"मंग रडतस कशाला?"

"भूक लागली होती," मी म्हटलं.